दीवमधला सोमवार

सोमनाथची धर्मशाळा भरलेली नव्हती. मी तिथं फोनच केला नव्हता. आणि मला तापही आला नव्हता.

या गोष्टी आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या शाळेच्या हस्तलिखितासाठी मी याच प्रवासाचं जे वर्णन लिहिलं त्यात बुरूज आहेत, तोफा आहेत, दीपगृह आहे, पण हे नाही. तिथं ‘प्रकृतीच्या कारणाने मुक्काम एक दिवस लांबला’ असं एक गुळगुळीत वाक्य आहे. ते वाचून मुख्याध्यापकांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, आणि मी त्यांचे आभारही मानले. तर हे दुसरं, दुरुस्त केलेलं वर्णन.

मी कोल्हापुरात हायस्कुलात इतिहास शिकवतो. माझी थोरली बहीण, अक्का, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला अक्कानंच वाढवलं. भावोजी वारल्यापासून ती कसबा बावड्यात एकटी राहते. परड्यात बेलाचं झाड आहे, गळ्यात चांदीच्या चौक्यात लिंग आहे, आणि त्याची पूजा झाल्याशिवाय ती तोंडात काही घालत नाही. दोन वर्षांपूर्वी मला कावीळ झाली. महिनाभर दवाखान्यात होतो. डॉक्टर घरच्यांशी खालच्या आवाजात बोलायला लागले तेव्हा अक्कानं नवस बोलला: तम्मा उठून बसला तर त्याला घेऊन सोमनाथाला येईन आणि परड्यातला बेल सोमवारी वाहीन. तम्मा म्हणजे मी. धाकट्या भावाला आमच्याकडं कानडीत तसं म्हणतात, मग तो अठ्ठेचाळीस वर्षांचा का असेना.

तम्मा उठून बसला. मग सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत, बायको मुलीच्या बारावीत अडकलेली असताना, आम्ही दोघं निघालो. तिकिटं काढण्याआधी मी शाळेच्या ग्रंथालयातला नकाशा उघडला, आणि सोमनाथच्या शेजारी, बोटाच्या एका पेराएवढ्या अंतरावर मला दीव दिसलं. बावीस वर्षं मी वर्गात दीवबद्दल दोन वाक्यं सांगत आलोय. पोर्तुगीजांची तटबंदी, तीन बाजूंनी समुद्र. समुद्र मी पाहिला होता, पण रत्नागिरीच्या सहलीत, मुलं मोजत. एकदा मुलं न मोजता समुद्र पाहावा, एवढीच माझी इच्छा होती.

ती सरळ सांगता आली असती. पण आमच्या घराण्यात मजेसाठी प्रवास कुणी केलेला नाही. आम्ही यात्रेला जातो. वाटेत मजा झाली तर ती देवाच्या नावावर पडते. देवाच्या कामाला निघालेल्या बहिणीला ‘आधी मला किल्ला बघायचाय’ असं म्हणायला जीभ रेटेना. खोटं बोलायला मात्र रेटली.

उना, शनिवार सकाळ

अहमदाबादेहून रात्रभर एसटीनं येऊन उना गावच्या स्टँडवर उतरलो. इथून एक रस्ता सोमनाथकडं जातो, एक दीवकडं. अक्काच्या मांडीवर ओल्या फडक्यात बांधलेला बेल होता. कोल्हापूर सोडल्यापासून दर स्टेशनवर ती त्या फडक्यावर पाणी शिंपडत आली होती.

ती लिंबाखालच्या बाकावर बसली आणि चहा मागवला. अक्का जेवणाशिवाय दोन दिवस राहील, चहाशिवाय दोन तास नाही. पूजेआधी पाणीही न पिणारी ही बाई प्रवासात चहापुरती देवाकडून सवलत घेते. गुजराती चहाची ती इवलीशी कपबशी बघून ती चहावाल्याला म्हणाली, “हे देवाला दाखवायला आनलंय व्हय? भरून दे की!” त्यानं मुकाट्यानं तीन कप आणून ठेवले.

मी ‘धर्मशाळेत फोन करतो’ म्हणून समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरलो. रिसीव्हर कानाला लावला आणि नंबर न फिरवताच बोलू लागलो. “नमस्कार, कोल्हापूरहून... असं का? एकही खोली नाही? सोमवारपर्यंत?” कानात नुसता डायल टोन वाजत होता. त्याला मी दोनदा ‘धन्यवाद’ म्हणालो.

बूथवाला हे सगळं बघत होता. मी पैसे पुढं केले तसा तो खणखणीत आवाजात म्हणाला, “साहेब, नंबर तो लगायाही नहीं आपने! पैसे काहे के?”

मी त्याला सॉरी म्हणालो. मला सॉरी म्हणायची सवय आहे. माझा पाय टेबलाला लागला तर मी टेबलालाही म्हणतो.

अक्काला सांगितलं की सोमवारपर्यंत जागा नाही, तोवर जवळच दीव आहे तिथं राहू, सोमवारी पहाटेची गाडी धरू. तिनं एकदा बूथकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“बरं. दीव तर दीव. पर सोमवार चुकायला नको, तम्मा.”

“नाही चुकणार.”

तटाच्या आत

पूल ओलांडला की खाडीचा वास येतो, मग तटबंदी दिसते आणि तिच्यातला तांबड्या रंगाचा जुना दरवाजा. रिक्षा त्यातून आत शिरली तेव्हा, खरं सांगतो, मला माझ्या खोट्याचा विसर पडला. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या घरांतल्या बायकांना एकमेकींना हातातून वाटी देता यावी. निळी, पिवळी, गुलाबी घरं. लाकडी सज्जे. उंच पांढरं चर्च, आणि त्याच्या पायरीवर मासळीची टोपली उतरवून दम खाणारी कोळीण. आपल्या पन्हाळ्याला तट आहे, पण तटावरून खाली उसाचे फड दिसतात. इथं गल्लीच्या टोकाला एकदम पाणी.

दुसरी दिसणारी गोष्ट म्हणजे दारूची दुकानं. गुजरातेत बंदी, दीवला नाही, त्यामुळे शनिवार-रविवार आख्खा गुजरात इथं तहान भागवायला येतो. अक्कानं रिक्षातून दोन्ही बाजूंच्या बाटल्या बघितल्या. “सोमनाथानं शेजार बरा धरलाय की,” ती म्हणाली.

आम्ही जशुबेन नावाच्या बाईंच्या घरी उतरलो. त्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देत. अक्काच्याच वयाच्या, विधवा, पांढरी साडी. मी अक्काला म्हणालो, “मी हिंदीत बोलतो, तू काळजी करू नकोस.” मी हात धुऊन येईपर्यंत दोघी जिन्यावर बसून बोलत होत्या. अक्का कोल्हापुरीत, जशुबेन गुजरातीत. भावोजींचं आजारपण, जशुबेनच्या सुनेचा स्वभाव, माझी कावीळ, सगळं झालेलं होतं. मी मध्ये हिंदीत काही विचारलं तर दोघी माझ्याकडं परक्या माणसासारखं बघायच्या.

जेवायला गोड डाळ आली. अक्कानं घास घेतला, ताटाकडं बघितलं आणि पिशवीतून चटणीचा डबा काढला. “हे घाला जरा. आजारी मानसाचं जेवान वाटतंय.” जशुबेननं चिमूटभर घातली. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. अक्कानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “हुतंय पहिल्यांदा.” मी अक्काच्या वतीनं तीन वेळा माफी मागितली. रात्री जशुबेन स्वतःच डबा मागायला आल्या.

झोपताना मी अक्काला गमतीनं विचारलं, “सोमनाथाला काय सोडणार?” तीर्थाच्या ठिकाणी आवडीची एखादी गोष्ट सोडायची आमच्यात रीत आहे. प्रत्यक्षात लोक कारलं सोडतात. आमच्या एका चुलत्यांनी काशीला शेपू सोडला होता आणि घरी येऊन मोठा त्याग केल्यासारखे वागायचे. मी म्हणालो, “तू दोडका सोड. तसाही तुला आवडत नाही.”

“देवाला काय कळत न्हाय व्हय रं?” अक्का म्हणाली आणि कुशीवर वळली.

किल्ला, रविवार

किल्ल्याबद्दल जे लिहायचं ते हस्तलिखितात लिहिलंय. खंदकात समुद्राचं पाणी खेळतं, तोफा अजून पाण्याकडं तोंड करून बसल्यात, आणि समोर भर पाण्यात एक लहानसा कोट जहाजासारखा उभा आहे. मी अक्काला अर्धा तास इतिहास सांगितला. ती एका तोफेच्या सावलीत बसून ऐकत होती.

“एवढं कशापायी बांधलं?”

“समुद्रावर ताबा ठेवायला.”

“मग समुद्र काय म्हनला?”

मी हसलो. तिनं तटाकडं बोट केलं. “पान्याकडनं भित हाय. गावाकडनं बी भित हाय. ह्यास्नी समद्यांचंच भ्या वाटत हुतं म्हन की.” बावीस वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं एवढं चांगलं उत्तर दिलेलं नाही.

दुपारी अक्का जशुबेनबरोबर तांदूळ निवडत बसली आणि मी एकटा नागोआच्या किनाऱ्यावर गेलो. अर्धचंद्रासारखा किनारा, आणि मागं ती इथली विचित्र ताडाची झाडं, ज्यांना फांद्या फुटतात. मी चप्पल हातात घ्यायची सोडून पायातच ठेवून पाण्यात शिरलो. कोल्हापूरच्या माणसाला रंकाळ्याच्या पायऱ्यांची सवय. पाणी परत जाताना ओढून नेतं हे माहीत असून लक्षात राहत नाही. डावी चप्पल गेली. “आयला!” मी ओरडलो.

मागून हाक आली, “पावनं! कोल्हापूरचं काय?”

प्लास्टिकच्या खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ बसले होते. इचलकरंजीचे यंत्रमागवाले. सूत खरेदीला सुरतेला आले आणि तिथून व्यापाऱ्यांबरोबर इथं. आप्पासाहेब म्हणतात, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

“चप्पल गेली तर जाऊ द्या की. बसा. काय घेताय?”

“मी घेत नाही.”

“मास्तर हाय व्हय?”

“हो.”

“मग तर घ्याच. आयुष्यभर दुसऱ्याच्या पोरांस्नी सांभाळलासा. हितं कोन बघतंय? परत कवा येनार तुम्ही हितं?”

आमच्या घरात दारूला कुणी शिवलेलं नाही. पण त्या क्षणी समोर समुद्र होता, मुलं मोजायची नव्हती, एका पायात चप्पल नव्हती, आणि ‘परत कवा येनार’ हे खरंच होतं. मी बिअरचा एक ग्लास घेतला. कडू लागला. म्हणून, कडूपणा जातो का बघायला, दुसरा घेतला. त्यापुढचा हिशेब आप्पासाहेबांना ठाऊक. डोक्यावर ऊन होतं, पोटात काही नव्हतं. दिवस मावळायच्या आत त्यांनीच मला रिक्षात घातलं. “मास्तर, बडीशेप चावा,” हा त्यांचा शेवटचा उपदेश. मी वाटभर बडीशेप चावली आणि डोकं दुखतंय सांगून पडून राहिलो.

सोमवार

साडेपाचला अक्कानं हाक मारली. ती अंघोळ, पूजा करून तयार होती. बेलाचं फडकं हातात. मी उठून बसलो आणि खोली फिरली. मोरीपर्यंत कसाबसा गेलो, ओकलो. अक्का धावत आली. तिनं कपाळाला हात लावला. आदल्या दिवशीच्या उन्हानं अंग भाजून निघालेलं होतंच.

“तापलायस की रं!”

इथं खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. मी म्हणालो, “हो, ताप आलाय.”

अक्काचा चेहरा उतरला. दोन वर्षांपूर्वीची कावीळ अशीच सुरू झाली होती: आधी ओकारी, मग ताप. हे मला त्या वेळी आठवलंही. तरी मी डोळे मिटून घेतले.

तिनं माझ्या पापण्या उलटून बघितल्या. खिडकीजवळ नेऊन नखं बघितली. गाडीचं नाव काढलं नाही. मग तिला दुसरं फडकं सापडेना, म्हणून तिनं बेल सोडून ताटलीत ठेवला आणि ते ओलं फडकं माझ्या कपाळावर टाकलं. चार दिवस बेलाला बांधलेलं फडकं. त्याला बेलाचा उग्र, हिरवा वास होता. तो वास नाकात घेऊन मी दुपारपर्यंत आजाऱ्याचं सोंग केलं. अक्का उशाशी बसून होती. ओठ हलत होते. जशुबेननं तिला चहा आणून दिला, तो तसाच गार झाला.

दुपारी मला डोळा लागला. जागा झालो तर अक्का नव्हती, ताटलीतला बेल नव्हता. जशुबेनची सून म्हणाली, दोघी गंगेश्वरला गेल्यात. दीवच्या किनाऱ्यावर, खडकांच्या कपारीत पाच शिवलिंगं आहेत. भरतीच्या लाटा येऊन त्यांना अंघोळ घालतात. मी ज्या गावी देवाला टाळून आलो होतो, तिथं तो आधीच पाण्यात बसलेला होता.

ऊन कलल्यावर अक्का आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. आल्या आल्या माझ्या कपाळाला हात लावला. तोवर बिअर उतरली होती.

“उतरला!” ती म्हणाली. खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. अक्काला रडताना मी भावोजींच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर हेच.

मी पेज प्यालो. चवीला चांगली होती, असं मी सांगितलं.

सोमनाथ, मंगळवार, आणि परत

सोमनाथाचं देऊळ भव्य आहे, समुद्र पायथ्याशी आहे. अक्का रिकाम्या हातानं उभी राहिली. मी देवळाच्या दाराशी बेल विकत घेतला. तिनं तो घेतला नाही. “तू वाहा,” म्हणाली.

परतीच्या वाटेवर पुन्हा उना. पुन्हा तोच बाक. बूथवाल्यानं मला ओळखलं आणि लांबूनच रिसीव्हर उचलून दाखवला. मला राहवेना.

“अक्का, त्या दिवशी मी फोन लावलाच नव्हता.”

“ठाव हाय. त्यो मानूस वरडून सांगत हुता की.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“तुला समुद्र बघायचा हुता. तुझ्या पिशवीत त्यो नकाशा दिसला की मला. म्हनलं, बघू दे. मरता मरता वाचलंय पोर. सोमवारपतोर येळ हाय.” मग म्हणाली, “माझंच चुकलं. देवाच्या कामात मी बी तुझ्या खोट्याला सामील झालो.”

आमच्याकडच्या बायका अशाच ‘झालो, गेलो’ म्हणतात. मी हसून म्हणालो, “सॉरी अक्का.” इतक्या स्वस्तात सुटल्याचा मला आनंद झाला. दोन चहा मागवले. ती म्हणाली, “मला नको.” मला वाटलं, छोट्या कपाचा राग असेल.

कसबा बावडा

मी दर रविवारी अक्काकडं जातो. पहिल्या रविवारी तिनं मला चहा दिला, स्वतः घेतला नाही. पित्त झालं असेल म्हटलं. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी मी विचारलं.

“सोडला,” ती म्हणाली.

“चहा? कधीपर्यंत?”

“सोडला म्हंजे सोडला. गंगेश्वरला. पान्यात हुबं ऱ्हाऊन म्हनलं, मी खोट्याला सामील झालो, त्येचं प्रायश्चित्त माझ्या तम्माला नको. मला दे. ह्येच्याबिगर माझ्याजवळ सोडन्यासारखं काय न्हाय, ह्यो घे.” मग माझ्याकडं बघून हसली. “आनि घरी आलो तर ताप उतरलेला! घटकेत!”

त्या रविवारी मी चहा संपवून उठलो. घरी येऊन हस्तलिखितासाठी किल्ल्याचं वर्णन लिहिलं आणि त्यात ते प्रकृतीचं वाक्य घातलं. पुढच्या रविवारी बावड्याला गेलोच नाही; पेपर तपासायचे आहेत असा निरोप दिला. पेपर नव्हते.

त्याच्या पुढच्या रविवारी गेलो. अक्का चुलीपुढं बसून माझ्यासाठी चहा करत होती. वाफ तिच्या तोंडावर येत होती आणि तिनं मान जराशी बाजूला वळवली होती. वास नको म्हणून.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आप्पासाहेब, ग्लास, बडीशेप. ताप नव्हता, सोंग होतं. “चहा घे अक्का. तुझं मागणं उगाच होतं. काही फेडायचं नव्हतंच.”

चहा उतू गेला तेव्हा तिनं भांडं उतरवलं.

“दिसभर मी तुझं डोळं पिवळं हुत्यात का बघत बसलो हुतो,” ती म्हणाली. “तुझ्या बायकूला काय सांगू, ह्ये मनात जुळवत हुतो.”

“अक्का, चहा...”

“ताप खोटा आसंल तुझा. मी सोडल्यालं खोटं न्हवतं. ते आता ऱ्हायलं.”

तिनं एकच कप भरला आणि माझ्यापुढं सरकवला. भरून, काठोकाठ. मी खाली बसलो. इतक्या वर्षांत टेबलांना, बूथवाल्यांना, जशुबेनला वाटलेला तो इंग्रजी शब्द तोंडाशी आला. तो गिळला. तिच्या पायावर हात ठेवला.

“अक्का, मला ठाव हुतं तू भ्यालीयास. ठाव आसून मी डोळं मिटून पडलो. माझं चुकलं.”